अनइन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर आठवड्यात परत येतंय? आधी हे तपासा

"अजी भाऊ, ते पुन्हा येऊन राहिलं ना!"

नागपूरच्या महाल भागातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मॅडमचा हा फोन, एकाच उन्हाळ्यात चौथ्यांदा. ‘ते’ म्हणजे तीन गोष्टींचं बिऱ्हाड: ‘तुमच्या पीसीत शेकडो चुका सापडल्या’ म्हणून घाबरवणारा क्लीनर, त्याच्यासोबत आलेला ड्रायव्हर अपडेटर, आणि ब्राउझर उघडला की समोर येणारं एक भलतंच सर्च पान. इन्स्टिट्यूटमध्ये बारा मशीन आहेत. जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेच्या बॅचेस सकाळी सातपासून चालतात. मराठी ३० ची (मिनिटाला ३० शब्दांची) मुलगी वेळ लावून उतारा टाइप करत असते, मध्येच क्लीनरची खिडकी पुढे येते, आणि तिने पुढे दाबलेली बटनं उताऱ्यात न पडता त्या खिडकीत जातात. स्पीड गेला, सराव वाया.

आधीच्या तीन वेळी मी सगळे करतात तेच केलं होतं. कंट्रोल पॅनल, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, चहा, पैसे. चौथ्यांदा पैसे मागायची माझी मलाच लाज वाटली, म्हणून रविवारी पूर्ण दिवस बसलो. त्या दिवशी आणि पुढच्या तीन आठवड्यांत जे कळलं ते इथे लिहितोय, कारण धरमपेठेतल्या सीएच्या ऑफिसपासून मानेवाड्यातल्या फॉर्म भरायच्या दुकानापर्यंत दुखणं हेच आहे. सगळं विंडोज १० आणि ११ चं आहे. मेनूतली नावं देवनागरीत लिहिली आहेत, स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील.

आधी खात्री करा: ते सॉफ्टवेअर आहे की नुसती नोटिफिकेशन?

बारातल्या चार मशीनवर उजव्या कोपऱ्यातली ‘व्हायरस सापडला’वाली पट्टी कुठल्याच सॉफ्टवेअरची नव्हती. कुणीतरी कधीतरी एखाद्या साइटवर ‘अलाउ’ दाबलं होतं आणि ती साइट क्रोममधून नोटिफिकेशन पाठवत होती. पट्टीवर नीट पाहिलं तर क्रोमचं नाव आणि साइटचा पत्ता बारीक अक्षरांत दिसतो. यात अनइन्स्टॉल करण्यासारखं काही नसतंच. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन नको त्या साइट काढा आणि कुठल्याच साइटला विचारू देऊ नका. दोन मिनिटांचं काम. यासाठी पूर्ण मशीन फॉरमॅट केलेली माणसं मी पाहिली आहेत.

परत आणतंय कोण?

उरलेल्या आठ मशीनवर खरोखरचं सॉफ्टवेअर होतं. काढल्यावर ते परत येतं याचा सरळ अर्थ, त्याला आणणारा मागे राहिलेला असतो. मॅडमनी एक गोष्ट सहज सांगितली आणि तोच धागा निघाला: "सकाळी पहिल्यांदा चालू केलं का येते, दुपारी नाही येत." म्हणजे लॉगिनच्या वेळी काहीतरी चालतंय.

टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारं विंडोजचं साधन) उघडला. डावीकडे लायब्ररीवर क्लिक केलं की मधे यादी येते. त्यात ओळखीच्या ब्राउझर-अपडेटच्या नोंदींमध्ये एक निरर्थक अक्षरांचं नाव होतं. ट्रिगर: ॲट लॉग ऑन. ॲक्शन्सच्या टॅबमध्ये पाथ पाहिला तर ॲपडेटाच्या (प्रत्येक खात्याचा स्वतःचा लपलेला फोल्डर) रोमिंग फोल्डरमधली एक एक्सई, म्हणजे चालणारी प्रोग्रॅम फाइल. क्लीनर मी तीनदा काढला होता. ही एक्सई तिथेच बसून, दिसला नाही की तो पुन्हा डाउनलोड करत होती.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी टास्क डिसेबल करा, मग टास्क मॅनेजरमधून ती प्रोसेस बंद करा, मग फोल्डर काढा, सगळ्यात शेवटी अनइन्स्टॉल. उलट्या क्रमाने गेलात तर तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत सगळं जागेवर.

टास्क शेड्युलरमध्ये काही नसेल तर सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स घ्या, आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्याची यादी ते दाखवतं. फुकट आहे, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळतं. ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे शेकडो ओळींच्या वीस-पंचवीस उरतात. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही. गुलाबी ओळ म्हणजे प्रकाशकाची सही पटत नाही. गुलाबी दिसली म्हणून लगेच उडवू नका, आपल्याकडची कितीतरी कामाची देशी सॉफ्टवेअर सहीविना असतात. आधी टिकमार्क काढा, दोन दिवस थांबा, मग डिलीट करा.

आता सगळ्यात वाईट भाग. दोन मशीनवर डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) चालू होता, अपडेट होता, आणि तरी त्याला काही दिसत नव्हतं. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि खाली एक्सक्लूजन्स, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागा. तिथे ओळ होती: अख्खा सी ड्राइव्ह. म्हणजे वॉचमन गेटवर उभा, पण त्याला ‘घराकडे पाहायचं नाही’ असं सांगून ठेवलेलं. कुणीतरी क्रॅक केलेलं काहीतरी टाकलं होतं, आणि त्याने ॲडमिनचा हक्क मिळताच ही ओळ घातली. कोणी टाकलं ते विचारलं नाही. विचारून कोण सांगणार? एक्सक्लूजन काढलं आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. ज्या गोष्टी चालू विंडोजमध्ये लपतात त्या तिथे सापडतात.

ब्राउझरचं प्रकरण वेगळं. एक्स्टेन्शनच्या पुढे रिमूव्हचं बटनच नसेल आणि क्रोमच्या मेनूत तळाशी ‘तुमची संस्था हा ब्राउझर सांभाळते’ अशा अर्थाची ओळ असेल, पण तुमच्याकडे कुठलीच संस्था नसेल, तर कुणीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) क्रोमची पॉलिसी लिहून ठेवली आहे. पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी टाइप करा, यादी दिसते. त्या नोंदी रजिस्ट्रीत एचकेएलएमच्या (एचकी लोकल मशीन) सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या कीमध्ये सापडतात. आणि क्रोम पूर्ण काढून पुन्हा टाकला तरी एक्स्टेन्शन परत आलं, तर सिंक पाहा. इन्स्टिट्यूटचा एकच जीमेल सगळ्या मशीनवर लॉगिन होता. साइन इन केलं की घाण सामानासकट हजर.

मुळात शिरलं कुठून

हे एका पोराने समोर बसून दाखवलं. भरतीच्या फॉर्ममध्ये फोटो २० ते ५० केबीत बसवायचा असतो. त्याने सर्चमध्ये ‘फोटो साइज कमी करण्याचं सॉफ्टवेअर’ टाकलं, सगळ्यात वरची जाहिरात उघडली, हिरवं मोठं डाउनलोडचं बटन दाबलं, नेक्स्ट, नेक्स्ट, ॲक्सेप्ट, नेक्स्ट. त्या तिसऱ्या पायरीवर बारीक टिकमार्कने क्लीनर होता. पोराची काही चूक नाही, त्याला फोटो लहान करायचा होता.

मशीनची चूक मात्र होती. बाराही मशीनवर एकच खातं, तेही ॲडमिन, पासवर्ड नाही.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक मशीनवर वेगळं ॲडमिन खातं काढलं, त्याला पासवर्ड दिला, त्यात लॉगिन होतं की नाही हे एकदा करून पाहिलं (ही पायरी गाळून स्वतःलाच बाहेर कुलूप लावलेले लोक आहेत), आणि मगच रोजचं खातं स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित हक्कांचं केलं. पासवर्ड मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. तो खोडायला लावला.

दुसरं: विंडोज सिक्युरिटीत ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन, तिथे ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ चालू केलं. हे क्लीनर, टूलबार, अपडेटर नेमके याच वर्गात मोडतात. ते कायद्याने व्हायरस नसतात, म्हणून साधा अँटिव्हायरस पुष्कळदा त्यांना जाऊ देतो. त्यात दोन टिकमार्क आहेत: ॲप अडवा आणि डाउनलोड अडवा. डाउनलोडवाला फक्त एज ब्राउझरला लागू पडतो, क्रोमवाल्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये.

तिसरं, सेटिंग्ज, ॲप्स मध्ये ‘ॲप कुठून घ्यायची’ यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअर निवडता येतं. ते केलं, पण त्यावर फार विसंबू नका. ते इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला अडवतं. झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेल्या पेनड्राइव्हवरची फाइल त्याच्या समोरून निघून जाते.

एवढं केलं की बहुतेक घरांचं भागतं. इन्स्टिट्यूटचं भागलं नाही, कारण आजकाल कितीतरी सॉफ्टवेअर ॲडमिनचा हक्क मागतच नाहीत. ती सरळ त्या माणसाच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये जाऊन बसतात. स्टँडर्ड खातं असलं तरी तो फोल्डर त्याचाच.

नावाने अडवायला गेलो, सोळा वर्षांच्या पोराने हरवलं

एक क्रिकेटचा गेम पेनड्राइव्हवरून मशीन-मशीन फिरत होता. मी ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची जागा) जाऊन ‘डोन्ट रन स्पेसिफाइड विंडोज ॲप्लिकेशन्स’मध्ये त्याच्या एक्सईचं नाव टाकलं. रजिस्ट्रीतला डिसअलाउरन तो हाच. दुसऱ्या दिवशी सात नंबरच्या मशीनवर गेम चालू. पोराने फाइलचं नाव बदलून ‘मराठी३०’ केलं होतं. नावही असं, की मॅडमना वाटावं अभ्यास चालू आहे. मला राग यायला हवा होता, हसू आलं.

हा उपाय नुसतं नाव पाहतो आणि तेही फाइल एक्सप्लोररमधून उघडलं तरच. कमांड प्रॉम्प्टमधून तेच नाव बिनदिक्कत चालतं. फायरवॉलमध्ये ब्लॉक करणाऱ्यांसाठीही एक सांगून ठेवतो: त्याने सॉफ्टवेअरचं नेट तुटतं, सॉफ्टवेअर चालायचं थांबत नाही.

नको त्यांची यादी कधीच पूर्ण होत नाही. उद्या नवा क्लीनर, परवा नवा गेम. उलटं करावं लागतं: विद्यार्थी जिथे फाइल ठेवू शकतो तिथून काहीच चालणार नाही, आणि जिथून चालतं तिथे तो काही ठेवू शकणार नाही. डाउनलोड्स, डेस्कटॉप, ॲपडेटा, पेनड्राइव्ह हे पहिल्या बाजूला. प्रोग्रॅम फाइल्स आणि विंडोज हे दुसऱ्या. हेच काम ॲपलॉकर करतो. तो विंडोज ७ पासून आहे. आधी महागड्या एडिशनपुरता होता, पण विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून पुढे, अपडेट चालू असतील तर, मायक्रोसॉफ्टने ही अट काढली आहे. जुने व्हिडिओ ‘सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसीज’ शिकवतात. ती २०१८ मध्येच मोडीत काढण्याच्या यादीत गेली, त्यात वेळ घालवू नका.

ॲडमिन खात्यातून लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडा, ॲप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीज, ॲपलॉकर. एक्झिक्युटेबल रूल्सवर राइट क्लिक, ‘क्रिएट डिफॉल्ट रूल्स’. तीन ओळी येतात: प्रोग्रॅम फाइल्समधलं सगळ्यांना, विंडोज फोल्डरमधलं सगळ्यांना, आणि बाकी कुठूनही फक्त ॲडमिनना. वर म्हटलेली विभागणी तयार. हेच इन्स्टॉलर रूल्स आणि स्क्रिप्ट रूल्समध्ये करा. स्क्रिप्टचं गाळू नका, पेनड्राइव्हवरचा तो शॉर्टकट व्हायरस (सगळे फोल्डर लपवून त्यांच्या नावाचे शॉर्टकट करतो तो) बहुतेक वेळा व्हीबी स्क्रिप्टच असतो.

आणि चौथा, पॅकेज्ड ॲप रूल्स. हा मी विसरलो.

शनिवारी संध्याकाळी नियम लागू करून घरी गेलो. सोमवारी सात वाजून पाच मिनिटांनी फोन: "भाऊ, कचरा तर गेला, पण जाता जाता स्टार्टचं बटनही घेऊन गेला न!" एक्सईचे नियम लागू असले आणि पॅकेज्ड ॲपचा नियमच नसला, तर स्टोअरमधली आणि विंडोजसोबत आलेली तसली सगळी ॲप बंद होतात. कॅल्क्युलेटर उघडेना, स्टार्ट मेनू उघडेना. पोरं कीबोर्डवर हात ठेवून बसलेली, कूलरचा आवाज, आणि मी हेल्मेटसकट आत. ॲडमिन खात्यात शिरून विंडोज आणि आर दाबून रनची खिडकी उघडते, तिथून पॉलिसी उघडली, पॅकेज्डमध्येही डिफॉल्ट नियम केला, रीस्टार्ट. प्रत्येक मशीनला पाच मिनिटं. त्या बॅचचा तास मात्र गेला, तो मॅडमनी रविवारी भरून दिला.

ही फजिती तुम्हाला टाळता येईल. ॲपलॉकरच्या ‘कॉन्फिगर रूल एन्फोर्समेंट’मध्ये आधी ‘ऑडिट ओन्ली’ निवडा. यात काहीच अडत नाही, फक्त काय अडलं असतं याची नोंद होते. या नोंदी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसतात, तिथे मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ॲपलॉकर असं खाली जा. ८००३ म्हणजे ‘नियम लागू असता तर हे अडलं असतं’. ८००४ म्हणजे ‘अडवलं’. आठवडाभर ऑडिट चालू द्या, ८००३ वाचा, कामाच्या गोष्टींना परवानगी द्या, मग लागू करा. मी दुसऱ्यांदा असंच केलं.

नियम लिहूनही काहीच होत नसेल, ऑडिटही नाही आणि अडवणंही नाही, तर ‘ॲप्लिकेशन आयडेंटिटी’ ही सर्व्हिस बंद आहे. सर्व्हिसेसच्या खिडकीतून ती ऑटोमॅटिक करायला गेलात तर ‘ॲक्सेस डिनाइड’ येईल, घाबरू नका, ती संरक्षित आहे. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एससी कॉन्फिग ॲपआयडीएसव्हीसी स्टार्ट= ऑटो’ द्या, अर्थात इंग्रजीत टाइप करून. बरोबरच्या चिन्हानंतर एक जागा सोडायची, आधी नाही. या एका जागेपायी माझा अर्धा तास गेला.

जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरचं काय केलं

आठवड्याच्या ऑडिटमध्ये सगळ्यात जास्त ८००३ सरावाच्याच सॉफ्टवेअरचे निघाले. ते सी ड्राइव्हच्या मुळाशी स्वतःचा फोल्डर करून बसतं, सही नाही, आणि प्रत्येक उताऱ्याचा निकाल त्याच फोल्डरमधल्या डेटाबेसमध्ये लिहितं. सोपा मार्ग म्हणजे त्या फोल्डरला पाथने परवानगी द्यायची. तो घेऊ नका. सी ड्राइव्हच्या मुळाशी केलेल्या फोल्डरमध्ये साधा वापरणाराही फाइल टाकू शकतो. म्हणजे ‘मराठी३०’ तिथे कॉपी केला की गेम पुन्हा सुरू. लिहिण्याचा हक्क काढला तर निकाल सेव्ह होत नाहीत.

मग हॅशचा नियम केला. यात ॲपलॉकर फाइलचा ठसा घेतो. नाव बदला, जागा बदला, ती फाइल चालते, आणि त्या फोल्डरमधली दुसरी कुठलीच नाही. किंमत एवढीच की सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की ठसा बदलतो आणि नियम नव्याने करावा लागतो. सही असलेल्या सॉफ्टवेअरला पब्लिशरचा नियम बरा, तो अपडेटनंतरही टिकतो. क्रोम काही मशीनवर ॲपडेटात बसला होता. तो काढून ॲडमिन खात्यातून सगळ्यांसाठीचा टाकला, म्हणजे तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये गेला आणि तिथून स्वतःचं अपडेटही करतो.

एक भोक डिफॉल्ट नियमांतही आहे: विंडोज फोल्डरच्या आतले टेम्प आणि टास्क्स हे फोल्डर. तिथे साध्या खात्यालाही फाइल ठेवता येते. विंडोजच्या नियमात हे दोन अपवाद म्हणून घाला. एवढं करूनही, मुद्दाम फोडायला बसलेल्या जाणकाराला ॲपलॉकर पुरून उरेल असं मी म्हणणार नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतः त्यासाठी ‘ॲप कंट्रोल फॉर बिझनेस’ सुचवतं. टायपिंगच्या क्लासला ते म्हणजे डासासाठी तोफ.

होम एडिशन

तीन मशीनवर होम आहे, त्यात लोकल सिक्युरिटी पॉलिसीची खिडकीच नाही. तिथे स्टँडर्ड खातं, अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग आणि स्टोअरची अट, एवढ्यावर भागवलं. विंडोज ११ मध्ये २२एच२ पासून ‘स्मार्ट ॲप कंट्रोल’ आहे. नव्या मशीनवर ते चालू दिसलं तर बंद करू नका. पण त्यात एखाद्याच सॉफ्टवेअरला सूट देता येत नाही, त्यामुळे बिनसहीचं टायपिंग सॉफ्टवेअर असलेल्या मशीनवर त्याचा उपयोग नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ मध्ये ‘ॲपसंविद’ नावाचं फुकट साधन आणलं, तेही याच तत्त्वाचं: परवानगी दिलेलंच चालेल. तुमच्या विंडोजवर बसतं का, ते आधी एकाच मशीनवर पाहा.

आता मी दर शनिवारी जाऊन फक्त ८००४ वाचतो. पहिल्या शनिवारी एकट्या सात नंबरवर अकरा नोंदी होत्या, त्यातल्या सहा ‘मराठी३०’, ‘मराठी४०’ आणि ‘इंग्लिश५०’ अशा चढत्या स्पीडने. बाकीच्या मशीनवर जवळजवळ सगळ्या फोटो लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या. गरज खरी आहे, ती अडवून जात नाही. म्हणून प्रत्येक डेस्कटॉपवर पेंटचा शॉर्टकट ठेवला आणि त्याचं नाव ठेवलं ‘फोटो लहान करा’. रिसाइझ, पिक्सेल, आकडा टाका, जेपीजी म्हणून सेव्ह करा. भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, मॅडमनी पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहून लावल्या आहेत. परवा फोन आला तेव्हा मी आधीच पाकीट-चावी उचलली होती. पण त्यांना फक्त नव्या प्रिंटरसाठी ॲडमिनचा पासवर्ड हवा होता.